४० पैकी ४०: दांडिया बाजारच्या काकूंची केस

कौन्सेलिंगचे पाच सेशन झाले होते आणि आजचं सेशन कसं झालं याचे पाचही वेळा काकूंनी मला जवळजवळ पैकीच्या पैकी मार्क दिले होते. ४०, ४०, ३९.८, ४०, ४०. आणि त्याच पाच आठवड्यांत काकूंची तब्येत होती तिथेच होती, शेवटी शेवटी तर थोडी खालीच आली होती. दोन्ही आकडे एकाच फाइलमध्ये, एकाच पानावर, माझ्याच अक्षरात लिहिलेले, आणि तरी मला ते एकत्र दिसले नाहीत. म्हणून ही केस सविस्तर लिहितेय. काकूंची परवानगी घेतली आहे, त्यांनी हे वाचून पण बघितलं, ओळख पटेल असे तपशील बदललेत आणि नाव लिहीत नाही.

मी बडोद्यात कौन्सेलिंग करते, माझ्याकडे येणाऱ्यांत बरेच जण आपले बडोद्याचे मराठी. काकू ६१ वर्षांच्या, गुजराती मीडियमच्या प्रायमरी शाळेत २३ वर्षं दुसरी-तिसरीला शिकवून रिटायर झालेल्या. लग्न होऊन आल्या तेव्हापासून दांडिया बाजारातल्या वाड्यात, दोन खोल्या, मागे पडवी, खाली अंगण, शेजार सगळा मराठी. काका गेले त्याला दोन वर्षं झाली होती आणि त्यानंतर आठ महिन्यांनी मुलाने त्यांना वासणा-भायली बाजूला आपल्या नव्या फ्लॅटवर नेलं, सातवा मजला, लिफ्ट, सगळ्या सोयी. तिथे गेल्यावर झोप उडाली, जेवण तुटलं, दिवसभर कॉटवर बसून राहायला लागल्या. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड, बी-१२, शुगर तपासून घेतलं, त्यात काही निघालं नाही, मग झोपेची गोळी दिली आणि म्हणाले एकदा कौन्सेलरला दाखवा. मुलानेच माझा नंबर शोधला, मुलानेच अपॉइंटमेंट घेतली, फी पण तोच यूपीआयने भरणार होता आणि पहिल्या सेशनला पहिली १५ मिनिटं तोच शेजारच्या खुर्चीत बसला होता. मुलगा चांगला आहे, काळजी करणारा आहे, हे आधीच सांगते, पण तो तिथे बसला होता ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

काय होतंय विचारलं तर काकू म्हणाल्या, "इथे करमत नाही हो ताई."

मी वहीत लिहिलं: पती जाऊन दोन वर्षं, दुःख, एकटेपणा. "इथे" हा शब्द मी लिहिलाच नाही.

आता मोजायचं कसं ते सांगते, कारण बऱ्याच जणांना वाटतं थेरपीत कसलं मोजमाप, मन काय वजनकाट्यावर ठेवता येतं का. मी दोन-तीन साध्या गोष्टी वापरते. एक म्हणजे पीएचक्यू-९, डिप्रेशनसाठीचे नऊ प्रश्न, गेल्या दोन आठवड्यांत हे किती वेळा झालं याला ० ते ३ मार्क, एकूण २७. १० च्या वर गेलं की मध्यम, १५ च्या वर जरा जास्त, २० च्या वर तीव्र असं धरतात. २००१ पासून वापरात आहे, फुकट आहे, मराठी-गुजराती-हिंदीत मिळतो. प्रश्न दोन आठवड्यांचे असल्यामुळे मी तो एकाआड एक सेशनला देते, दर आठवड्याला देऊन काही उपयोग नाही. दुसरं आउटकम रेटिंग स्केल, मी त्याला चार रेघांचा कागद म्हणते. १०-१० सेंटिमीटरच्या चार रेघा: स्वतःचं कसं चाललंय, घरच्या जवळच्या माणसांशी कसं, बाहेर लोकांत-कामात कसं, आणि एकंदर कसं. जिथे वाटतं तिथे खूण करायची, पट्टीने मोजायचं, ४० पैकी स्कोर. मोठ्या माणसांत २५ च्या खाली म्हणजे त्रास आहे असं समजतात आणि साधारण ५ पॉइंट हलले तर ते खरं हललं असं मानतात. हा सेशनच्या सुरुवातीला. आणि सेशनच्या शेवटी त्याचाच जोडीदार, सेशन रेटिंग स्केल, त्यातही चार रेघा, पण त्या माझ्याबद्दलच्या: माझं ऐकून घेतलं का, मला ज्यावर बोलायचं होतं त्यावर बोललो का, यांची पद्धत मला जमते का, एकंदर आजचं कसं झालं. ३६ च्या खाली आलं तर थांबून बोलायचं अशी रीत आहे. स्कॉट मिलर, बॅरी डंकन आणि त्यांच्या सोबत्यांनी हे मुद्दाम इतकं छोटं केलं की एक मिनिटात भरून व्हावं.

काकूंनी पीएचक्यू गुजरातीत मागितला. बोलायचं मराठीत आणि वाचायचं गुजरातीत, बडोद्यात हे अगदी नेहमीचं आहे, त्यांना जे सोपं ते दिलं आणि पुढे शेवटपर्यंत तेच ठेवलं, कारण मध्येच भाषा बदलली की आधीच्या आकड्याशी तुलना करायला अर्थ राहत नाही.

पहिल्या दिवशी पीएचक्यू १६, चार रेघा १५.१. मी प्लॅन केला. काकांबद्दल बोलायचं, अल्बम बघायचा, सकाळी सोसायटीच्या बागेत २० मिनिटं फिरायचं, हळूहळू दिवसाला आकार आणायचा. काकूंनी सगळा होमवर्क केला, एक दिवस चुकवला नाही, फिरायची वेळ कागदावर लिहून आणायच्या, शिक्षिकाच त्या. दर वेळी निघताना "छान वाटलं हो, मोकळं वाटलं" म्हणायच्या, एकदा घरचा चिवडा घेऊन आल्या. आणि मला पण मनापासून वाटत होतं की छान चाललंय, खरं सांगते, आठवड्यातल्या ज्या सेशनची मी वाट बघायचे त्यातलं ते एक होतं.

चार रेघांचे आकडे असे होते: १५.१, १७.४, १६.०, १६.३, १४.६. दुसऱ्या आठवड्यात थोडं वर गेलं ते बघून मला बरं वाटलं आणि नंतरचं मी "दुःखात असं वरखाली होतंच" म्हणून सोडून दिलं. पीएचक्यू १६, १६ आणि पाचव्या सेशनला १७.

पाचव्या सेशनला नवव्या प्रश्नावर ० च्या जागी १ होता. नववा प्रश्न मरणाच्या विचाराबद्दलचा असतो. मी तिथेच थांबले, बाकी सगळं बाजूला ठेवलं आणि सरळ विचारलं. आपल्याकडे या वयाच्या बायका "देवाने न्यावं आता" हे इतक्या सहज म्हणतात की ऐकणारा पण सहज सोडून देतो, मला हे फार धोक्याचं वाटतं. कधीपासून वाटतंय, दिवसातून किती वेळा, आपण स्वतः काही करावं असं मनात येतं का, कसं करायचं हे कधी डोक्यात आलंय का, घरात गोळ्या किती आहेत, एकेक विचारलं, शब्द न बदलता. विचारल्याने डोक्यात भरतं असं काही नसतं, उलट काकूंचे खांदे खाली आले. करायचं काही मनात नव्हतं, ठरवलेलं काही नव्हतं, पण सकाळी डोळे उघडले की "कशाला उघडले" असं वाटायचं. झोपेच्या गोळ्यांची स्ट्रिप उशाशी असायची, ती सुनेकडे ठेवायची असं त्यांच्या संमतीने ठरलं, सुनेला काय सांगायचं ते पण त्यांनीच ठरवलं. रात्री तसं वाटलं तर कोणाला उठवायचं, कोणाला फोन करायचा, आणि कोणीच नाही तर टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६, हे एका कार्डावर त्यांच्याच अक्षरात लिहून घेतलं. सायकियाट्रिस्टची वेळ त्याच आठवड्यात घेतली, औषध सुरू झालं.

आणि या सगळ्यानंतर, जाताना, त्यांनी मला ४० पैकी ४० दिले.

त्या रात्री मी सगळे कागद जमिनीवर मांडून बसले. टोटल सोडून एकेक ओळ बघितली. पहिल्या दिवशी झोप ३, थकवा ३. पाचव्याला झोप २, थकवा २. म्हणजे फिरण्याचा उपयोग झाला होता. पण सहावी ओळ, स्वतःबद्दल वाईट वाटणं, आपण चुकलो, घरच्यांना खाली पाहायला लावलं असं वाटणं, ती १, मग २, मग ३ झाली होती. एक ओळ खाली येत होती आणि दुसरी वर चढत होती आणि बेरीज जवळजवळ तीच दिसत होती. नवरा गेल्याच्या दुःखात माणूस रडतं, चिडतं, पण दर पंधरवड्याला अपराधी का वाटत जाईल, आणि ते पण माझ्याकडे यायला लागल्यापासून?

इथे एक अभ्यास सांगायलाच हवा, मायकल लॅम्बर्टच्या टीमचा, २००५ मध्ये आलेला. थेरपिस्टना विचारलं की तुमच्या क्लायंटपैकी कोणाची तब्येत बिघडेल असं वाटतं. ५५० क्लायंट होते, बिघडले ४०, थेरपिस्टनी अंदाज सांगितला फक्त तिघांचा आणि त्या तिघांतला एकच बरोबर निघाला. हे थेरपिस्ट काही कामचुकार नव्हते, त्यांना माहीत होतं की काही टक्के लोक बिघडतात, पण समोर बसलेलं माणूस बिघडतंय हे दिसत नाही, कारण आपण त्याच्यासाठी जीव ओतत असतो. हा अभ्यास मला तोंडपाठ होता, वर्कशॉपमध्ये सांगितलाय मी. आणि तरी काकूंच्या बाबतीत आकडे गोळा करून फाइलला लावत होते. मोजलं आणि बघितलंच नाही तर ते न मोजल्यासारखंच आहे, उलट जास्त वाईट, कारण क्लायंटला वाटतं आपण सांगितलंय.

माझ्या सुपरवायझर पुण्याच्या, व्हिडिओ कॉलवर बोलतो आम्ही. त्यांनी सगळं ऐकलं आणि एकच विचारलं, "४० मधून तुला काय कळलं?" काहीच नाही. ३१ आले असते तर विचारायला जागा असती. पैकीच्या पैकी म्हणजे दार बंद, आणि बाहेर "स्वागत आहे" लिहिलेलं. मग त्यांनी विचारलं की शेवटचा कागद तू कधी आणि कुठे देतेस. मी देत होते ते उठता उठता, काकू पर्स काखेत घेऊन उभ्या, बाहेर मुलगा गाडी लावून बसलेला, मी समोर उभी. अशा वेळी आपल्याकडची कोणती बाई समोरच्या पोरीला मार्क कमी देईल?

सहाव्या सेशनला मी ग्राफ काढून टेबलवर ठेवला. चार रेघा त्या दिवशी अजून खाली, १३.९. शेवटची २० मिनिटं राखून ठेवली, दोघी बसलेल्या, आणि म्हणाले, "काकू, तुम्ही सगळं करताय, कष्ट घेताय, आणि हे बघा, तुम्हाला बरं वाटत नाहीये. माझं काहीतरी चुकतंय, ते मला एकटीला सापडत नाहीये."

"तुमचं काय चुकणार हो, तुम्ही किती करता माझ्यासाठी."

"पैकीच्या पैकी तर कुणालाच मिळत नाहीत. अर्धा मार्क कापायचा झाला तर कुठे कापाल?"

त्या हसल्या. "मी दुसरीच्या मुलांना पण कधी कापले नाहीत. वहीत लाल पेन मारलं की पोरं कोमेजतात." मग बराच वेळ कागदाकडे बघत राहिल्या आणि खालच्या आवाजात विचारलं, "ताई, हे कागद तुम्ही त्याला पाठवता ना?"

मला क्षणभर कळलंच नाही. त्याला म्हणजे मुलाला. फी तो भरतो, पावती त्याच्या फोनवर जाते, तर हे पण जात असणार असं त्यांनी धरलं होतं. गोपनीयतेचं मी पहिल्या दिवशी व्यवस्थित सांगितलं होतं, पण ते सांगताना मुलगा शेजारी बसलेला होता, म्हणजे काकूंनी जे ऐकलं ते "तुमच्या दोघांचं बाहेर जाणार नाही" असं. मेंटल हेल्थकेअर ऍक्ट २०१७ मध्ये हा हक्क लिहिलेला आहे, पण तो माणसाला एकटं असताना सांगितला तरच पोचतो. मी पुन्हा सांगितलं, काय कोणालाही जाणार नाही, आणि जिवाला धोका वाटला तरच कोणाला आणि किती सांगावं लागेल, ते सगळं.

मग त्यांनी पेन उचललं आणि चार खुणा केल्या. ऐकून घेण्याला ९.६. ज्यावर बोलायचं होतं त्यावर बोललो का, याला ५.८. पद्धतीला ७.४, एकंदर ८.०. बेरीज ३०.८. माझ्या दृष्टीने या केसमधला सगळ्यात महत्त्वाचा कागद हा.

"तुम्ही दर वेळी ह्यांच्याबद्दल विचारता. ह्यांचं मी लावून घेतलंय हो मनाला, ते दोन वर्षं आजारी होते, त्यांची सुटका झाली. मला घराचं बोलायचं होतं."

वाडा बिल्डरला द्यायचं ठरलं होतं. फ्लॅटचं लोन, काकांच्या नावावरचा भाग, कागदांवर काकूंच्या सह्या लागत होत्या आणि त्यांनी केल्या होत्या, माझ्याकडे यायच्या महिनाभर आधी. कोणी जबरदस्ती केली नाही, कोणी विचारलं पण नाही. सासूबाईंनी शेवटच्या आजारात हात धरून सांगितलं होतं की घर सांभाळ, आणि आपण दहा मिनिटांत सही करून आलो, हे त्यांच्या पोटात होतं. आणि मी दर आठवड्याला अल्बम उघडायला लावत होते, ज्यातला प्रत्येक फोटो त्या अंगणात काढलेला. सहावी ओळ का चढत होती ते कळलं.

"करमत नाही" हा शब्द मी नंतर खूप घोळवला. मराठीत माणूस नुसतं करमत नाही म्हणत नाही, कुठे तरी करमत नाही, कोणाशिवाय तरी करमत नाही, काकूंनी पहिल्याच वाक्यात "इथे" म्हणून जागा सांगितली होती आणि मी तिथे माणूस घातला. कुठल्याच फॉर्ममध्ये करमत नाहीसाठी चौकोन नाही, तो आपणच विचारून भरायचा असतो.

एडवर्ड बोर्डिनने १९७९ मध्ये थेरपीतल्या नात्याचे तीन भाग सांगितले होते: जिव्हाळा, कशासाठी काम करायचं यावर एकमत, आणि कसं करायचं यावर एकमत. सेशनच्या शेवटच्या कागदावरच्या पहिल्या तीन रेघा त्यावरच बेतलेल्या आहेत. काकूंचा माझ्यावर जीव होता, माझा त्यांच्यावर, चिवड्यापर्यंत सगळं खरं होतं. पण कशासाठी काम चाललंय हे आम्ही दोघींनी मिळून कधी ठरवलंच नव्हतं, मी ठरवलं होतं आणि त्या शहाण्या विद्यार्थिनीसारख्या करत होत्या.

पुढचं थोडक्यात. अल्बम बंद केला. घरावर बोललो, रागावर बोललो, आणि त्यांना राग हा शब्दच मान्य नव्हता तर "वाईट वाटलं" यावर काम केलं. चार रेघा सातव्याला १८.२, आठव्याला २१.५, नवव्याला २२.८. पीएचक्यू सातव्याला १४, नवव्याला ११, नववा प्रश्न पुन्हा ०. आठव्या सेशनला काकूंच्या सांगण्यावरून मुलाला आत बोलावलं. काय बोलायचं ते त्यांनी कागदावर लिहून आणलं होतं पण कागद काढलाच नाही. मुलगा म्हणाला, "आई, तू हो म्हणालीस ना तेव्हा." काकू म्हणाल्या, "मी हो म्हणाले नाही. मी नाही म्हणाले नाही, एवढंच." तो बराच वेळ गप्प बसला. सौदा मोडला नाही, मोडण्यासारखा राहिलाच नव्हता, पण ताबा द्यायच्या आधी चार दिवस काकू तिथे एकट्या राहतील आणि काय ठेवायचं काय द्यायचं ते स्वतः ठरवतील असं ठरलं.

त्या राहून आल्या आणि दहाव्या सेशनला चार रेघा थेट १७.७. आधीची मी असते तर घाबरले असते किंवा दुर्लक्ष केलं असतं. या वेळी दोघींनी ग्राफ समोर ठेवला आणि मी विचारलं हे खाली गेलंय ते पूर्वीसारखं आहे का. "नाही हो, हे रडून झालेलं आहे. ते कोंडलेलं होतं." तरी मी नववा प्रश्न तोंडी पुन्हा विचारला, विचारायचाच असतो. अकराव्याला २३.६, बाराव्याला २४.२, तेराव्याला २६.४. पीएचक्यू मध्ये एकदा १२ झाला आणि तेराव्याला ८. औषध पण चालू होतं, त्यामुळे किती कशाने झालं हे मला वेगळं करता येणार नाही आणि मी करणार पण नाही.

फीडबॅक घेतला की सगळे बरे होतात असं कोणी सांगत असेल तर ते खरं नाही. गेल्या वीस-पंचवीस वर्षांतले अभ्यास एकत्र केले तर सरासरी फायदा छोटाच दिसतो, काहींत काहीच दिसत नाही, आणि नुसता स्कोर गोळा करून ठेवला तर अपेक्षा पण करू नये. जिथे थेरपी रुळावरून घसरत असते तिथे लवकर कळावं हे त्याचं खरं काम. आणि आपल्याकडे त्यात एक अडचण जास्तीची आहे, आपण समोरच्याला तोंडावर कमी मार्क देत नाही, डॉक्टरला नाही, मास्तरांना नाही, आणि वयाने लहान असलेल्या मुलीला तर नाहीच, म्हणून हे सगळे स्केल इथे तसेच्या तसे चालत नाहीत. मी आता शेवटचा कागद सेशन संपायच्या दहा मिनिटं आधी देते, बसून, आणि सांगते की पहिल्यांदा पैकीच्या पैकी आले तर मला पुन्हा विचारावं लागेल. कधी कधी "आज काय राहून गेलं" एवढंच विचारते. पहिल्या सेशनला, कोणी कोणालाही घेऊन आलेलं असो, १० मिनिटं एकट्याने बोलते आणि गोपनीयतेचं तेव्हा सांगते. पीएचक्यूची बेरीज वहीत नंतर लिहिते, आधी नऊ ओळी एकाखाली एक.

चौदाव्याला थांबलो. तीन महिन्यांनी भेटल्या तेव्हा पीएचक्यू ७, चार रेघा २७.१. झोप अजून पूर्ण आली नाही, तिथे अजूनही २ आहे, आणि मुलाशी घराचा विषय निघाला की दोघं अजून गप्प होतात. गुरुवारी बसने दांडिया बाजारला जातात, जुन्या भिशीच्या बायकांबरोबर बसतात, वाड्याच्या बाजूने मात्र जात नाहीत, सूरसागर तलावाकडून वळून जातात. त्या दिवशी मला ३८.२ मिळाले. पद्धतीच्या रेघेवर कापले होते. विचारलं तर म्हणाल्या, "मी बोलत असताना तुम्ही मध्ये मध्ये हं हं फार करता, मला वाटतं घाई आहे."